एका रांजणातील दोन दिवड

गेल्या नागपंचमीस पुष्कळ वर्षांनी गावी जाण्याचा योग आला. सोबत अकरा वर्षांचा नातू होता. परदेशातील मुले काचेच्या पेटीत साप पाळतात, हे त्याने मोबाइलवर पाहिले होते. आणि ‘आजोबा, आपणही दोन साप आणून एका पेटीत ठेवू या,’ हा त्याचा धोशा महिनाभर चालू होता. त्याचे मन वळवावे म्हणून मी त्यास बरोबर घेतले, असे घरी सांगितले. खरे कारण निराळे होते, व ते माझे मलाच ठाऊक होते.

नगर सोडून, म्हणजे २०२४ सालापासूनचे अहिल्यानगर सोडून, मोटार इमामपूरच्या घाटात शिरली तेव्हा दोन्ही बाजूंच्या उघड्या टेकड्यांवर नुकतीच हिरवळ धरली होती. घोडेगावाशी शनिशिंगणापूरचा रस्ता फुटतो. तेथील घरांना दारे नसतात, ही प्रसिद्ध गोष्ट नातवास सांगताच त्याने विचारले, ‘मग साप आत येत नाहीत?’ साप दारे असलेल्या घरांतही येतात, एवढेच उत्तर मला सुचले. घाटाकडील बाजरीची शेते मागे पडून नेवासे जवळ येऊ लागले, तसा दुतर्फा ऊस दिसू लागला.

ह्या उसाचा व सापाचा संबंध वाचकांच्या ध्यानी सहसा येत नाही. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याशी अडविली गेली. ते धरण १९२६ साली पुरे झाले. पुढे १९५० च्या सुमारास लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि प्रवरेच्या पाण्यावर जिरायत रानांत बारमाही हिरवे पीक उभे राहू लागले. उसात उंदीर माजतात, उंदरांमागे धामण व नाग येतात; पाटांच्या व डबक्यांच्या कडेने बेडूक वाढतात, बेडकांमागे दिवड येतात. शेतकऱ्याचे धान्य राखणारा हा प्राणी नेमका शेतकऱ्याच्याच काठीखाली मरतो, ही आमच्या भागातील नित्याची गोष्ट आहे.

नेवाशास ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील आपली टीका सांगितली, त्या पैस खांबाचे दर्शन घेऊन आम्ही प्रवरेच्या काठाने आमच्या गावी पोहोचलो. वाडा अर्धा पडला आहे. माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते वहिनींसह उरलेल्या दोन खणांत राहतात. वहिनींनी पाटावर गंधाने नागाची आकृती काढून लाह्या, दूर्वा व आघाडा वाहिला होता. त्या दिवशी आमच्या घरी विळीस हात लावीत नाहीत, चुलीवर तवा ठेवीत नाहीत, जमीन खणीत नाहीत. पुरणाची दिंडे तेवढी वाफवतात. हे सारे आजीच्या वेळेपासून जसेच्या तसे आहे.

नातू वाडा पाहावयास निघाला आणि थेट गोठ्यामागे गेला. तेथे फुटक्या काठाचा एक रांजण अजून पडलेला आहे. ‘आजोबा, हा कशाचा?’ त्याने विचारले. ज्या प्रश्नासाठी मी इतका लांब आलो होतो, तो त्यानेच पुढे ठेवला.

गोष्ट १९६८ सालच्या श्रावणातील. मी बारा वर्षांचा व दादा पंधरांचा. प्रवरेचा पूर ओसरल्यावर दादाने काठच्या चिखलातून दोन दिवड धरून आणले. आमच्याकडे कोणी ह्या सापास विरोळा म्हणतात. पाण्याकाठी राहणारा, रागीट, पण विष नसलेला. दोघांना ह्याच रांजणात ठेवून वर घमेले पालथे घातले. मोठ्या माणसांना अर्थातच पत्ता नव्हता. दादाचा एक नियम होता. साप रांजणात एकत्र राहतील, परंतु जेवतील निरनिराळे. एकास बाहेर काढून झाकणाच्या जुन्या पातेल्यात सोडावयाचे, तेथे बेडूक द्यावयाचा, तो गिळून स्वस्थ झाला की मग दुसऱ्याची पाळी. हा नियम त्यास कोणी शिकविला नव्हता. पाहून पाहून त्याने तो बसविला होता.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी दादा कामासाठी नेवाशास गेला. पातेल्याचा खटाटोप मला नकोसा झाला. मी एक मोठा बेडूक धरला व घमेले उचलून तसाच रांजणात टाकला. एकाने त्याचे डोके धरले, दुसऱ्याने मागचा पाय. मी घाबरून घमेले पालथे घातले व निजावयास गेलो. सकाळी पाहतो तो मोठ्याच्या जबड्यात धाकट्याचे डोके मानेपलीकडे गेलेले. धाकटा गुदमरून मेला होता. मोठ्यास तो गिळताही येईना, टाकताही येईना. दुपारपर्यंत तोही गेला.

ह्यात क्रौर्य नव्हते, हे मला पुढे कळले. सर्पास चावता येत नाही. त्याचे दात घशाकडे वळलेले असतात. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे सांधलेले नसून लवचिक बंधाने जोडलेले असतात, आणि एकदा डावा, एकदा उजवा असे ते भक्ष्यावरून पुढे सरकत जातात. पकडलेले सोडणे त्यास अतिशय कठीण जाते. शिवाय तो भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः गंधाने. जिभेने टिपलेला गंध तो टाळूतील एका इंद्रियाकडे नेतो. ज्या सोबत्याच्या तोंडास बेडकाचा वास, तो सोबती त्यास बेडूकच. आमच्या कोशांत सर्पाला गूढपाद, चक्षुःश्रवा अशी नावे आहेत. त्यांतच पवनाशन, म्हणजे वारा खाऊन राहणारा, असेही एक आहे. एकदा पोट भरल्यावर पुष्कळ दिवस निराहार राहणाऱ्या प्राण्यास ते शोभते खरे. पण वारा खाणारा भुकेच्या वेळी शेजाऱ्यासही खातो, हे कोशकाराने सांगितले नाही.

पुढे शाळेतील मुलांची सहल पुण्यास कात्रजच्या सर्पोद्यानात नेली होती, तेव्हा एका जाणत्या माणसाने मला जे सांगितले ते दादाच्या नियमाहून निराळे नव्हते. शक्य तर प्रत्येकास वेगळे घर द्यावे. एकत्र ठेवणे भागच पडले तर जेवण तरी वेगळ्या पेटीत द्यावे. तोंडाचा वास जाईपर्यंत परत सोडू नये. आणि जेवल्यावर दोन दिवस त्यास हाताळू नये, नाहीतर तो खाल्लेले ओकून टाकतो. नाग व मण्यार ह्यांना तर दुसऱ्या सापाशेजारी ठेवूच नये, कारण साप हे त्यांचे स्वाभाविक अन्न आहे. अमेरिकेतील किंगस्नेकचीही तीच गत. गारुडी एका टोपलीत तीन तीन नाग घेऊन दारी येत व त्यांना दूध पाजीत, तो प्रकार ह्याहून वाईट. दूध हे सर्पाचे अन्नच नव्हे. त्याची आई त्यास दूध पाजीत नाही. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग दूध पितो तो भक्तीने नव्हे, तहानेने. आणि बहुधा त्यानेच मरतो. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडील असे रानचे साप धरणे व पाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा पेटीचा प्रश्न तेथेच मिटतो, असे मी नातवास सांगितले.

‘मग ते दोन मेल्यावर घरात काय झाले?’ त्याने विचारले. दादा मागे येऊन उभे होते, हे मला तेव्हा दिसले.

झाले असे की ऐन नागपंचमीस घरात दोन साप मेलेले निघाले. आजीने त्या दिवशी अन्नास स्पर्श केला नाही. काकांनी दादास छडीने मारले. साप त्याचे होते. दादा एवढेच म्हणत राहिला, की मी त्यांना उपाशी ठेवून गेलो, म्हणून ते एकमेकांवर उठले. मी ओसरीच्या खांबाआड उभा राहून ऐकत होतो, आणि एक अक्षर बोललो नाही. त्यानंतर दादाने साप कधी धरला नाही. आजी गेली, काका गेले. मी चाळीस वर्षे मुलांना खरे बोलण्यावर निबंध लिहावयास देत राहिलो.

‘दादा, बेडूक मी टाकला होता. एकच, दोघांत मिळून.’

दादा रांजणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे उपाशी ठेवल्यामुळे नव्हे.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘हे आजी असताना सांगावयास हवे होतेस रे. तिला अखेरपर्यंत वाटत होते, की माझ्या हातून पाप घडले.’ ह्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

वहिनींनी पाने मांडल्याची हाक दिली. पंक्तीत दादा माझ्या शेजारी बसले व त्यांनी नातवास आपल्या डाव्या बाजूस बसविले. एका चुलीवर शिजलेले अन्न, एक पंगत, एकच वाढणारी. तरी ज्याचे त्याचे पान निराळे, आणि शेजारच्या पानाला कोणाचा हात लागत नाही. आपल्या घरांत ही रीत इतकी मुरलेली आहे, की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. नातवाने दिंडाचा तुकडा मोडला, दादांच्या पानाकडे पाहिले व हळूच विचारले, ‘आजोबा, त्या पातेल्याचे पुढे काय झाले?’

उत्तर दादांनीच दिले. ‘आहे अजून, माळ्यावर. जेवण झाल्यावर दाखवितो.’