तीन महिन्यांची सायकल

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. मधे दोघातिघांनी मेल करून विचारलंसुद्धा, तब्येत बरी आहे ना म्हणून. बरी आहे हो! पण परवा नणंदबाईंचा फोन आला. "तू म्हणे लेकीकडे विजेची सायकल घेऊन ठेवली आहेस? आणि वर्षातले नऊ महिने ती नुसती पडून असते?" बातमी बरीचशी खरी आहे, पण ती ज्या सुरात घरोघरी फिरते आहे तो सूर काही बरोबर नाही. :) म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं इथेच लिहून टाकावं.

लेक-जावई नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतात. आम्हाला मिळतो तो शेंगेन व्हिसा, म्हणजे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायची परवानगी. नातू झाल्यापासून वर्षातून एकदा आम्ही ते ९० दिवस वापरतो.

२०२२ साली पहिल्यांदा गेलो तेव्हा घर छान, नातू छान, सगळंच छान. पण घर गावाच्या कडेला. बाजार तीन किलोमीटर, लायब्ररी पाच. बस होती, पण तिचा वेळ आणि आपला वेळ जमायला हवा. मग प्रत्येक गोष्टीला "आई, शनिवारी जाऊ या ना" हे उत्तर. लेक प्रेमानंच म्हणायची, पण ज्या बाईनं तीस वर्षं नोकरी करून पुण्यात घर चालवलं, तिला कोथिंबिरीसाठी शनिवारपर्यंत थांबायचं म्हणजे कसंसंच होतं.

मी पुण्याची, १९७६ साली कॉलेजात सायकलनंच जात होते, तेव्हा लेकीची जुनी सायकल काढली. तिला हँडब्रेकच नाही! पेडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आपली सवय अशी, की सिग्नलला थांबलं की पेडल मागे फिरवून पायाखाली आणायचं. मी चालत्या सायकलवर सवयीनं पाय मागे फिरवला आणि जागच्या जागी खाडकन थांबले. पडले नाही एवढंच. त्यात रहदारी आपल्या उलट, उजव्या बाजूनं. हे सगळं चार दिवसांत जमलं. जमला नाही तो वारा. त्या सपाट देशात घाट नाहीत, पण समोरून वारा सुटला की सिंहगड चढल्यासारखं वाटतं. आठवड्याभरात गुडघ्यांनी राजीनामा दिला.

२०२३ ला जायच्या आधीच मी ठरवलं होतं, या खेपेला विजेची सायकल घ्यायची. आमच्या ह्यांनी लगेच विचारलं, "तीन महिन्यांसाठी कोणी गाडी घेतं का?" मुद्दा बरोबर होता. तिथल्या दुकानात चांगली इ-बाइक दोन-अडीच हजार युरोंच्या पुढे. म्हणून नेटवर स्वस्तातली शोधायची ठरलं.

महिनाभर मी रोज रात्री हेच करत होते. जुनी घ्यावी म्हणून मार्क्टप्लाट्स पालथं घातलं. ही तिथली जुन्या वस्तू विकायची साइट. पण जुन्या इ-बाइकमध्ये बॅटरी किती दमली आहे ते फोटोत कळत नाही, आणि सायकलीपेक्षा बॅटरीचाच खर्च भारी. शिवाय चोरीची सायकल गळ्यात पडायची भीती. तिथल्या पोलिसांची स्टॉपहेलिंग नावाची सोय आहे, सायकलच्या सांगाड्यावरचा नंबर टाकला की ती चोरीची म्हणून नोंदलेली आहे का ते बघता येतं. पण विकणारा नंबर आधी द्यायला तयार हवा ना!

मग नवीन. इथे मी जवळजवळ फसणारच होते. ५०० वॉटची मोटर, जाड टायर, स्कूटरसारखी पिळायची मूठ, आणि किंमत सगळ्यांत कमी! मी हरखून जावयाला दाखवली. तो म्हणाला, "आई, ही रस्त्यावर आणली तर दंड होईल." तिथे सायकल म्हणून जी चालते तिची मोटर २५० वॉटपर्यंतची, पेडल मारलं तरच मदत करणारी, आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी लागते. त्यापुढची असली तर कायद्याच्या दृष्टीनं ती मोपेड. मग नंबरप्लेट, विमा, सगळं आलं. विकणारा मात्र हे अगदी खाली बारीक अक्षरांत लिहितो, किंवा लिहितच नाही.

दुसरा धडा अंतराचा. जाहिरातीत "एका चार्जमध्ये ८० किलोमीटर". त्यापेक्षा साधा गुणाकार करावा. बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. माझी ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-अवर, म्हणजे साधारण ३७४. वाऱ्यात माझ्यासारखीला किलोमीटरमागे दहाएक वॉट-अवर लागतात. म्हणजे ३५-४० किलोमीटर झाले, खूप झाले. आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

शेवटी ७९९ युरोंची घेतली. खाली वाकलेल्या दांडीची, म्हणजे पाय उंच न टाकता बसता येईल अशी. ऑनलाइन घेतलेली वस्तू युरोपात १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, त्यामुळे धीर आला. पैसे जावयाच्या खात्यातून गेले, पण ते मी लेकीच्या पुण्यातल्या खात्यात भरले. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, ही सायकल माझी आहे, तुमची भेट नाही. हा हट्ट तेव्हा मला फार महत्त्वाचा वाटला होता. पुढे कळलं की तो अर्धाच खरा होता.

खोकं आलं ते जावयाच्याच खांद्याला लागणारं. हँडल सरळ करायचं, पुढचं चाक आणि पेडलं बसवायची. डावं पेडल काही केल्या बसेना, जावई घामाघूम. मी म्हटलं, "अरे, डाव्याचे आटे उलटे असतात. उलटं फिरव." वाड्यात भावांबरोबर सायकल खोलून केलेली धुलाई पन्नास वर्षांनी उपयोगी पडली!

स्वस्त सायकलीत मोटरला कळतं ते एवढंच, की पेडल फिरतंय. किती जोर लावताय ते तिला कळत नाही. त्यामुळे अर्धा फेरा झाला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी पुढे जाते. वळणावर आणि गर्दीत मदत एकवर ठेवायची हे दोन दिवसांत शिकले. हेल्मेट मी घालत होते. सक्ती नाही, आणि माझ्या वयाची हेल्मेटवाली गावात मी एकटीच दिसायचे. चालायचंच.

त्या ९० दिवसांत ६२० किलोमीटर झाले. होवेनरिंग म्हणजे चौकाच्या वर तारांनी टांगलेला सायकलींचा गोल पूल, २०१२ सालचा, त्यावरून तर मी उगाचच दोन-दोन फेऱ्या मारायचे. न्यूननला गेले, जिथे व्हॅन गॉग १८८३ ते १८८५ राहिला आणि बटाटे खाणाऱ्या माणसांचं ते काळोखं चित्र त्यानं काढलं. पण सगळ्यांत आठवतं ते लेकीबरोबर जाणं. तिथे दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालवायला परवानगी आहे. तिच्या पुढच्या सीटवर नातू आणि बाजूला मी. घरात समोरासमोर बसून जे बोलणं होत नाही ते रस्त्याकडे बघत होतं. बाळंतपणानंतर ती किती एकटी पडली होती, हे तिनं मला पहिल्यांदा सायकलवर सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटची चक्कर मारली. बॅटरीची शेवटची काडी लुकलुकत होती. सायकल तशीच मागच्या शेडमध्ये लावली आणि बॅगा भरायला लागले.

२०२४ च्या एप्रिलमध्ये गेल्या गेल्या शेड उघडली. चार्जर लावला, दिवा हिरवाच. म्हणजे चार्जच होईना. मी एवढंच विचारलं, "मधे कधी चार्ज केली नव्हतीस का ग?" आणि लेक भडकली. "आई, ऑफिस, डेकेअर, ह्याचे दुखणारे कान... त्यात तुझी बॅटरी मी कुठे लक्षात ठेवू?" मग त्या संध्याकाळी कोणी फारसं बोललं नाही.

चूक माझीच होती. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी करून ठेवायचीच नसते. पडल्या पडल्याही ती थोडी थोडी उतरत जाते, आणि एका मर्यादेखाली गेली की आतलं संरक्षक सर्किट तिला चार्ज होऊ देत नाही. तसं करतं ते बरोबरच, कारण अशी मेलेली बॅटरी जबरदस्तीनं चार्ज करणं धोक्याचं असतं. साधारण निम्मी भरून, सायकलवरून काढून, घरात गारव्याला ठेवायची, दोन-तीन महिन्यांनी बघायची. आणि हो, बरोबर पुण्याला नेऊ म्हणाल तर विमानात १६० वॉट-अवरच्या वरची चालत नाही.

नवी बॅटरी २८९ युरो. ह्यांनी कागद काढला. ७९९ अधिक २८९, भागिले खेपा. "किती खेपा धरू?" त्यांनी विचारलं. मी पाच म्हणाले. ते काही बोलले नाहीत, त्यांनी तीन लिहिले. व्हिसा ९० दिवसांचा असतो, तसे गुडघे किती दिवसांचे ते कोणी शिक्का मारून देत नाही. तो तीनचा आकडा मला दोन दिवस टोचत राहिला.

पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली होती. मला वाटत होतं, सायकल माझी, म्हणजे मी कोणावर अवलंबून नाही. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या शेडमध्ये ठेवली, की तिचं करणंही त्याच्या अंगावर आपण टाकूनच येतो. लेकीवर भार नको म्हणून घेतलेली सायकल तिच्यावर आणखी एक भार झाली होती, आणि मला पत्ताच नव्हता.

बॅटरी घेतली. पण निघताना लेकीला म्हटलं, ही आता माझी नाही, आपली. मी नसताना तू चालव. ती म्हणाली, बघू. नोव्हेंबरात तिचा मेसेज आला, "आई, समोरून वारा होता, तुझी काढली. मस्त आहे ग!" त्यानंतर वाऱ्याच्या दिवसांत तीच नेते. बॅटरीही जिवंत राहते, मुद्दाम आठवण ठेवावी लागत नाही.

तुमच्यापैकी कुणाचे आईवडील असे जाऊन-येऊन असतील, तर स्वस्तातली जरूर घ्या. फक्त मोटर कायद्यातली घ्या, निघताना बॅटरी निम्मी ठेवा, आणि ती मधल्या काळात कोण चालवणार हे आधी ठरवा.

तेव्हा नणंदबाई, सायकल नऊ महिने पडून नसते! २०२५ च्या मेमध्ये गेले तेव्हा सीट चांगली वीतभर वर चढवलेली होती, लेक माझ्यापेक्षा उंच ना. ती माझ्या उंचीला आणायला अर्धं मिनिट लागलं.