हजेरी

लहानपणी आमच्या घरी हजेरीला तांदळाचा भाव होता. १९९५ पासून सरकारी शाळेतल्या प्राथमिकच्या मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ मिळू लागला, आणि त्याला ८० टक्के हजेरीची अट होती. मी तोवर हायस्कुलात गेले होते, धाकटा भाऊ प्राथमिकला होता. आमचा भंडारा जिल्हा धानाचा. पण ज्यांच्या स्वतःच्या बांध्या नाहीत, त्यांना तांदूळ विकतच घ्यावा लागतो. भावाला ताप आला की आई कपाळाला हात लावायच्या आधी विचारायची, "या महिन्यात खाडे किती झाले रे?" तेव्हापासून हजेरीपटाची ती लांबट वही मला धान्याच्या कणगीइतकी भरीव वाटत आली आहे.

डी.एड. झाल्यावर शिक्षणसेवक म्हणून महिना ३००० रुपये मानधनावर मी पवनी तालुक्यातल्या आसगावात रुजू झाले. वैनगंगेकाठचा हा चौरास भाग, चहूकडे धानच धान. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या अखेरीला, पाऊस आणि पहिलीचा वर्ग एकदमच सुरू होतो. दारात एक पोरगी आजीच्या लुगड्याला लोंबकळत होती. एकाने आल्या आल्या डबा उघडला. दुसरा दप्तर उशाला घेऊन झोपी गेला. तिसरा चपला हातात धरून मागच्या दाराने घराकडे निघाला होता. "मॅडम, हा मारते जी!" हे तर चहूबाजूंनी चालूच.

मी हजेरी घ्यायला उभी राहिले आणि कोणी ओच देईना. पटावरची नावं ही त्या लेकरांना अजून स्वतःची वाटतच नव्हती. घरी कोणी बाळू, कोणी छकुली, कोणी गुड्डू. पुढ्यातली एक मुलगी माझ्या डोळ्यांत डोळे घालून आपलंच नाव पुनःपुन्हा ऐकत होती, जसं काही ते दुसऱ्या गावातल्या कोणाचं असावं. शेवटी शेजारणीने कोपर मारलं, "तुयंच नाव घेतलं ना वो!" तेव्हा ती इतकी लाजली की तोंड फ्रॉकमध्ये लपवून बसली.

टेबलावर छडी असू द्या, असा सल्ला मिळाला होता. तो मी मनावर घेतला नाही. मला आधार होता गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'चा. १९३२ च्या त्या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ मांडतो आणि वर्ग त्याला गोंधळानेच उत्तर देतो. मग तो गोष्टीकडे वळतो. म्हणून मी शांततेच्या वाटेला गेलेच नाही. आधी फक्त नावं. प्रत्येकाचं घरचं नाव विचारून पटावरच्या नावाशेजारी पेन्सिलीने बारीक लिहीत गेले. दोन्ही नावं जोडून हाक मारली की पोर दचकून हसायचं आणि 'हजर जी' म्हणायचं. नाव ओळखीचं झालं की मूल जागेवर बसतं, हे मी त्या वर्गात पाहिलं.

मग एके दिवशी हजेरी कुजबुजत घेतली. रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू करणाऱ्या मारिया माँटेसोरी अशाच हलक्या आवाजात एकेकाचं नाव घेत, हे डी.एड.ला वाचलेलं होतं. आपलं नाव चुकू नये म्हणून सगळे कान टवकारून बसले. पण हे जमलं ते नावं पाठ झाल्यावरच. आधी केलं असतं तर तेही वाऱ्यावर गेलं असतं.

एवढं होईतो रोवणी लागली आणि अर्धी पट्टी रिकामी. ती लाजरी मुलगीही दिसेना. "तिची माय रोवन्याले गेली जी, ते लहान्याले सांभाळते," वर्गाने सांगितलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती, शाळाच कुरणात नेली होती. माझ्या हाती तेवढं नव्हतं. शाळा सुटल्यावर मी धुऱ्याधुऱ्याने गेले. बायका चिखलात वाकून पऱ्हे रोवत होत्या, आणि ती झाडाखाली भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिचं पटावरचं नाव घेतलं. "हजर जी," ती लगेच म्हणाली. पटावर त्या दिवशी तिची गैरहजेरीच राहिली. पण दुसऱ्या दिवशी ती भावाला कडेवर घेऊन वर्गात आली, आणि मी दोघांनाही बसवून घेतलं. बाळ पट्टीवर झोपलं. त्याला जाग येऊ नये म्हणून वर्ग आपण होऊन हळू बोलू लागला; मोठ्याने बोलणाऱ्याला पोरंच बोटाने दटावू लागली. मी काहीही सांगितलं नव्हतं. रोवणी संपेपर्यंत ते बाळ आमच्यात होतं.

आता पोषण आहाराची संख्या रोज मोबाईलवर भरावी लागते. ते आवश्यक आहे. खिचडी त्या आकड्यावर शिजते, आणि हजेरीला तांदळाचं वजन असतं हे मला कोणी शिकवायला नको. पण आकडा भरायला मिनिटही लागत नाही, आणि तोंडाने एकेक नाव घेत, "काल कुठं होता रे?" विचारत गेलं की पहिला तास अर्धा सरतो. अभ्यासक्रम मागे पडेल, असं मला सांगितलं जातं. पडला तर तो मी नंतर भरून काढीन. पहिलीच्या वर्गात हा वेळ मी कशालाच देणार नाही.