भाजल्या खोबऱ्याचा वास

जिना चढताना कुणाच्या तरी दारातून कांदा-खोबरं भाजल्याचा वास येतो आणि माझे पाय मंदावतात. खोबरं बदामी झालेलं, काळं पडायला अजून थोडा अवकाश असलेलं. त्या एवढ्याशा वेळेचा तो वास, गोडसर आणि किंचित करपट. मग मी जिन्यात नसतेच. लालबागच्या चाळीत, आत्याच्या 10 बाय 12 च्या खोलीत, गोधडीतून नाक तेवढं बाहेर काढून पडलेली असते. बाहेर काळोख. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचाय, आणि त्याआधीच स्टोव्हची घरघर, पाट्यावर वरवंट्याची घसर, आणि आत्याच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांची सुस्त किणकिण सुरू झालेली आहे.

आत्याकडे 22 माणसं जेवायला होती. मालवण, देवगड, कणकवलीकडची. बायकामुलं गावी ठेवून गिरणीत साच्यावर उभी राहणारी, एकेका गाळ्यात पाळीपाळीने पाठ टेकणारी. त्यांतले एक म्हातारे काका जेवण झाल्यावर लगेच हात धूत नसत. तिरफळाचा, बांगड्याच्या तिखल्याचा वास असलेली बोटं नाकाशी धरून क्षणभर डोळे मिटून बसत. आत्या त्यांच्याकडे बघायची नाही. तांब्या शेजारी ठेवून निघून जायची.

पैसे मात्र पगाराला मिळायचे, तेही पगार झाला तर. वाणी उधारी लिहून ठेवायचा आणि उधारीचा तांदूळ रोखीच्या तांदळापेक्षा महाग असायचा. मधल्या दिवसांना सावकार. 1974 साली गिरण्यांचा 42 दिवस संप झाला, तेव्हा माणसं येऊन पानावर बसतच राहिली, आणि आत्या वाढतच राहिली. तिच्या हातात नुसत्या काचेच्याच बांगड्या का, हे मला फार उशिरा कळलं.

फार उशिरा.

पुढच्या वर्षी प्रेमाताई पुरवांनी गिरणगावातल्या अशा बायकांना एकत्र केलं. अन्नपूर्णा महिला मंडळ ते हेच. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीत वावरलेल्या ताईंनी या बायकांपुढे दानाची झोळी धरली नाही. त्या त्यांना बँकेत घेऊन गेल्या. बँका राष्ट्रीयीकृत होऊन काही वर्षं झाली होती, पण तारण म्हणून ठेवायला काही नसलेल्या बाईला दाराशी उभं करायची सवय अजून कुणाला नव्हती. मग बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. तारण म्हणून शेजारणीचा शब्द! आजही हे आठवलं की मला भरून येतं, कारण त्या शब्दाचं मोल चाळीला आधीपासून ठाऊक होतं. कागदावर तेवढं ते उतरायचं होतं.

अर्जात 'व्यवसाय' अशी एक ओळ होती. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "मी घराकच असतंय. रांधतंय." कुणीतरी तिथे 'खाणावळ' असं लिहिलं. त्या संध्याकाळी तिने तो कागद माझ्यापुढे धरला.

"वाच गो."

मी वाचलं. व्यवसाय, खाणावळ.

"परत वाच."

मी परत वाचलं. ती पदराला हात पुसत राहिली. हात कोरडे होते.

1,500 रुपये मिळाले. मशीद बंदरहून रोखीने घेतलेल्या मिरच्यांचं पोतं घरात आलं, तेव्हा त्या खाटात आम्ही सगळे शिंकत होतो आणि आत्या शिंकता शिंकता हसत होती. पासबुक मसाल्याच्या डब्यांमागे असायचं. हप्ता भरायला जाताना ती आंघोळ करून इस्तरीचं लुगडं नेसायची, देवळात जाताना नेसायची तेच. स्त्रियांना पायावर उभं करायचं असं लोक बोलतात तेव्हा मी गप्प बसते. ती तर पहाटे चारपासून उभीच होती. पायाखालची जमीन तेवढी व्याजाने वाहून जात होती.

मग 1982 चा जानेवारी आला. गिरण्यांचा पुन्हा संप झाला, भोंगे थांबले. पण आत्याला त्याच वेळी जाग यायची. ती अंधारात बसून राहायची, न झालेला भोंगा ऐकत. वाटणातलं खोबरं तीन वाट्यांवरून एकीवर आलं, मग एक दिवस नुसताच कांदा भाजला गेला, आणि झोपेतसुद्धा मला ते समजलं. माणसं एकेक करून गावी गेली. कुणी जाताना तिच्या पाया पडलं, कुणी नजर चुकवून गेलं. काकांनी मागाहून आमसुलांची पिशवी पाठवली; आत चिठ्ठी नव्हती. आत्या पुढे मंडळाच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली, कचेऱ्यांतल्या माणसांसाठी रांधायला. कर्जाचा शेवटचा हप्ता तिने तिथल्या कमाईतून फेडला.

पासबुक आता माझ्याकडे आहे. पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं. कधी नाकाशी धरते. जुन्या कागदाचा वास येतो, बस.

वर कुणाच्या तरी घरात आता खोबरं जरा जास्तच भाजलं जातंय. उतरवायला हवं. दार ठोठावावं का, असं मनात येतं, तेवढ्यात आत मिक्सर सुरू होतो आणि मी पुढच्या पायरीवर पाऊल ठेवते.