तुम्ही कोणाकडचे?

सरपंच थेट गावानं निवडायचा, असं 2017 साली ठरलं. 2020 साली ठरलं की नाही, तो सदस्यांनीच आपल्यातून निवडायचा. 2022 साली पुन्हा थेट. नगराध्यक्षांचंही तेच, फक्त त्यांच्या खेळाला सुरुवात वर्षभर आधी झाली, 2016 ला. दर खेपेला सरकार वेगळं, भाषणं वेगळी, बाकं बडवणारे हातही वेगळे. विधेयक लिहून देणारं खातं मात्र एकच, मंत्रालयातला विधि व न्याय विभाग. त्याच खात्यात प्रारूपं लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. पक्षांची नावं लिहीत नाही. सालावरून ती कोणालाही कळतील आणि माझी सवय काही सुटत नाही.

निवृत्तीनंतर नागपूरजवळच्या सावनेरला आलो, तेव्हा बसस्टँडजवळ तर्रीपोहे खाताना एका माजी सरपंचानं गाठलं.

"काय हो साहेब, थेटवालं कलम तुमीच लिवलं म्हन्तेत न?"

"आमच्या खात्यानं."

"अन् काढलं कोनं?"

"तेही आमच्याच खात्यानं."

"मंग तुमी कोनाकडचे?"

त्याचा राग रास्त होता. एकच माणूस लग्न लावतो आणि काडीमोडाचे कागदही करतो, म्हटल्यावर संशय यायचाच. त्याला तिथं जे नीट सांगता आलं नाही, ते असं.

खात्याकडे फाईल येते तेव्हा तिच्यात मंत्रिमंडळाचा निर्णय दोन ओळींचा असतो. सरपंचाची निवड थेट जनतेतून करण्यास मान्यता. त्या दोन ओळींचं मुख्य कलम लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो पुढच्या प्रश्नांत. आज जो सरपंच खुर्चीवर बसला आहे, त्याचं काय? मुदत संपेपर्यंत राहील की कायदा लागू झाला त्या दिवशी उतरेल? पद मधेच रिकामं झालं तर उरलेल्या काळासाठी कोणती पद्धत? एखाद्या गावात निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झालाय पण मतदान व्हायचंय, तिथं जुना कायदा की नवा? थेट निवडून आलेला सरपंच पंचायतीचा सदस्य धरायचा का? उपसरपंचाच्या निवडीत त्याला मत द्यायचं का, आणि मतं समसमान पडली तर?

सगळ्यात अवघड अविश्वासाचा ठराव. ज्यांनी निवडलं नाही, त्यांनी काढायचं कसं? थेट सरपंचाच्या बाबतीत त्यावर तोडगा निघाला तो असा, की तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव करायचा आणि मग ग्रामसभेनं गुप्त मतदानानं त्यावर शिक्कामोर्तब करायचं. कागदावर छान दिसतं. पण ग्रामसभेचा अध्यक्ष एरवी सरपंचच. मग ज्याच्यावर ठराव आहे, तोच त्या दिवशी खुर्चीवर बसणार का? मतपत्रिका कोण मोजणार? सभागृहात असल्या गोष्टींवर क्वचितच कोणी बोलतं. गावात भांडण होतं ते मात्र नेमकं याच्यावरून.

सरकार बदललं आणि निर्णय उलटला, की ही सगळी यादी उलट्या अंगानं पुन्हा विचारावी लागते. प्रारूप लिहिणाऱ्याचा निःपक्षपातीपणा असतो तो या यादीत. मनात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. थेट सरपंचाबद्दल माझं स्वतःचं मत आहे आणि ते पक्कं आहे. पण आवडत्या सरकारच्या विधेयकाला वीस प्रश्न विचारले आणि नावडत्याच्या विधेयकाला बाराच, तर ते कोणाच्याही लक्षात येणार नाही. मजकुरात वावगा शब्द नसेल, मंत्री समाधानानं सही करतील, विधेयक मंजूर होईल. न विचारलेले आठ प्रश्न पुढं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर याचिका होऊन उभे राहतील. आमच्या धंद्यात पक्षपात करायचाच झाला तर तो लिहून करावा लागत नाही, गप्प बसून होतो. म्हणून मंत्र्याला गैरसोयीचा वाटणारा प्रश्न टिप्पणीत लेखी विचारायचा, अशी माझी पद्धत होती. उत्तर काय द्यायचं तो त्यांचा अधिकार.

आणि कायदा काही त्या मंत्र्यासाठी लिहायचा नसतो. हे मला सावनेरनं शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. हे गाव जागचं हललं नाही, राज्यं बदलत गेली: मध्य प्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, 1956 ला द्विभाषिक मुंबई, 1960 ला महाराष्ट्र. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या 119 व्या कलमानं जुने कायदे तसेच चालू ठेवले. नागपुरात बसून कोणीतरी लिहिलेला 1954 चा मध्य प्रदेशचा जमीन महसुलाचा कायदा, तो लिहवून घेणारं सरकार इथून उठून गेल्यावरही तहसील कचेरीत चालतच राहिला. आपली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली ती थेट 15 ऑगस्ट 1967 ला. सीमेपलीकडच्या सौंसरला तोवर मध्य प्रदेशची 1959 ची नवी संहिता आली होती. दोन्हीकडे सोयरिकी त्याच, वावरं तशीच. तिकडचा शेतकरी आजही भूमिस्वामी, इकडचा भोगवटादार वर्ग एक.

जुनं अजून संपलेलं नाही. कुळकायदा घ्या: पश्चिम महाराष्ट्राला 1948 चा, मराठवाड्याला हैदराबादचा 1950 चा, विदर्भाला 1958 चा. एका राज्यात तीन. महसूल संहितेतला एक भाग तर फक्त विदर्भापुरता आहे. त्यात निस्तारपत्रक आहे, वाजिब-उल-अर्ज आहे. गावानं सरपण कुठून आणायचं, गुरं कुठं चारायची, वाट कोणाच्या शेतातून जाते, त्याचे हक्क. मुंबईत तो भाग वाचताना सहकाऱ्यांना अडखळायला व्हायचं. मला नाही. आमच्या घरी वाजिब-उल-अर्ज हा शब्द मी कायद्याचं पुस्तक उघडण्याआधी ऐकलेला.

राजकारणाला विधेयकात हक्काची जागा आहे, नाही असं नाही. उद्देश व कारणे यांचं निवेदन शेवटी जोडतात, तिथं सरकारनं आपली बाजू मांडावी. कलमांत मात्र विशेषणं नकोत. 'प्रभावी', 'पारदर्शक', 'सक्षम' हे शब्द मी कलमांतून इतके खोडलेत की काही सचिव मला टाळायचे. पारदर्शक म्हणजे काय करायचं ते लिहा, मी म्हणायचो. यादी चावडीवर लावायची असेल तर किती दिवस लावायची ते लिहा.

आमच्या जातीच्या माणसाचं नाव सहसा कुठं नसतं. अपवाद एक. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी मुख्य प्रारूपकार एस. एन. मुखर्जी यांचं नाव घेऊन श्रेय दिलं. अवघड प्रस्ताव सोप्या, स्वच्छ कायदेशीर भाषेत बसवण्याची त्यांची हातोटी बाबासाहेबांनी भर सभागृहात वाखाणली. एवढं कौतुक पुढं आमच्यातल्या कोणाच्या वाट्याला आल्याचं मला ठाऊक नाही, आणि तक्रारही नाही.

तक्रार आहे ती दुसरी. आम्ही निःपक्ष असलो तरी नोकर सरकारचेच, हे त्या माजी सरपंचाला मी सांगायला हवं होतं. सत्ता कोणाचीही असो, खातं सत्तेत असेल त्याच्या दिमतीला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं 1901 सालीच विधिमंडळासाठी वेगळं संदर्भ कार्यालय काढलं. चार्ल्स मॅकार्थी नावाच्या माणसानं ते उभं केलं. तिथले वकील आज कोणत्याही पक्षाच्या सदस्याला विधेयक लिहून देतात, आणि एकाचं दुसऱ्याला सांगत नाहीत. आपल्याकडे विरोधी बाकावरचा आमदार अशासकीय विधेयक मांडतो, तेव्हा त्याच्या मागं असलं खातं नसतं. चांगल्या कल्पनेची विधेयकं मी पाहिलीत, ज्यांत शिक्षा होती पण ती कोणी द्यायची ते नव्हतं. मंत्री उत्तरात नेमकी तीच त्रुटी दाखवतात, सदस्य विधेयक मागं घेतो, विषय संपला. मूळ कल्पनेवर चर्चाच होत नाही.

नागपुरात विधानभवन आहे, ते हिवाळी अधिवेशनाचे दिवस सोडले तर बहुतेक शांत असतं. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही नागपुरातच आहे. आठ-दहा तरुण वकील, दोन निवृत्त प्रारूपकार आणि वर्षभर उघडी राहणारी एक खोली, एवढ्यावर सदस्यांसाठी प्रारूपण कक्ष सुरू होईल. निवृत्तांपैकी एक मी यायला तयार आहे. सावनेरहून बस आहे.