तूस आणि कडी

महाराष्ट्रातील खेड्यांत कोंबड्या साऱ्या घराच्या म्हटल्या जात असल्या तरी त्यांचा हिशेब बहुधा घरातील बाईकडे असतो. अंडी विकून आलेला पैसा तिच्या हाती राहतो, पाहुण्यासाठी कोणता कोंबडा धरायचा हे तीच सांगते आणि दिवस मावळताना खुराडे बंद करण्याची जबाबदारीही तिच्याच वाट्याला येते. खुराडे, म्हणजे कोंबड्यांना रात्री कोंडण्याची बंदिस्त जागा, अशा बाईच्या आयुष्यात लहानपणापासून म्हातारपणापर्यंत असते. त्याचे रूप बदलते, माहेरचे सुटून सासरचे येते, दगडाच्या जागी जाळी येते, पण दोन प्रश्न कायम राहतात : कोंबडीच्या पायाखाली काय अंथरले आहे आणि दाराला कडी कशी आहे. कुक्कुटपालनाच्या पुस्तिकांत हे दोन विषय सहसा दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्ष खुराड्यात ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत.

कोंबडी मुळात जमिनीवर रात्र काढणारा पक्षी नाही. तिचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा दिवसभर पाचोळा उकरून दाणे-किडे टिपतो आणि अंधार पडण्यापूर्वी फांदीवर चढून बसतो, कारण रंग आणि उजेड टिपण्यात तरबेज असलेले त्याचे डोळे अंधुक प्रकाशात फारसे काम देत नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुरातत्त्वीय अभ्यासात थायलंडमधील बान नॉन वाट येथील, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातील हाडे पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना भरवशाचा पुरावा मानली गेली, आणि भात व राळ्यासारख्या तृणधान्यांच्या शेतीमुळे हे रानपक्षी माणसाच्या वस्तीजवळ ओढले गेले असावेत, असे मत मांडले गेले. हे खरे असेल तर ज्या धान्याने कोंबडीला रानातून अंगणात आणले, त्याच धान्याचे तूस आज तिचे अंथरूण झाले आहे. माणसाने तिला झाडावरून उतरवून जमिनीवर निजवले. तेव्हा उंचीमुळे तिला जे संरक्षण आणि जी स्वच्छता आपसूक मिळत होती, ती दोन्ही पुरवणे हे माणसाचे देणे झाले.

मुलीकडे हे काम येते ते तिचा हात लहान असतो म्हणून. जुन्या घरांत खुराडे अनेकदा वेगळे बांधलेले नसे. ओट्याच्या जोत्यातच एक खोल कोनाडा ठेवलेला असे, त्याचे तोंड एवढे अरुंद की मोठ्या माणसाचा खांदा अडावा, आणि त्या तोंडाला रात्री फरशीचा तुकडा लावून मागे धोंडा रेटला जाई. आतली जमीन शेणाने सारवलेली आणि तीवर चुलीतली राख पसरलेली असे. राख ओली विष्ठा कोरडी करते, वास दाबते आणि कोंबड्या तीत अंग घुसळत असल्याने पिसांतील उवा-पिसवांनाही आवर बसतो. एवढ्या स्वस्त वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा करता येणार नाही. लहान पिले असली तर त्यांच्यासाठी डालगे, म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली, उपडी घालून वर दगड ठेवला जाई. दार लावण्यापूर्वी मोजणी होई, आणि तीत बहुतेक वेळा एखादी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, कमी भरे. ती शेवग्याच्या फांदीवर सापडे. रानातली जुनी सवय तिच्यात अजून शिल्लक असते, हे त्या मुलीला पुस्तकाशिवाय कळलेले असे.

सासरी आलेल्या मुलीच्या हाती पहिली मोठी जोखीम येते ती रवणीची. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणे थांबवून पिसे फुलवून एका जागी बसू लागली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवून २१ दिवस उबवू देण्याला रवणीवर बसवणे म्हणतात. टोपलीत तळाला राख किंवा मऊ माती आणि वर भाताचा पेंढा असा थर देतात, आणि त्याला मधोमध वाटीसारखा खोलगट आकार यावा लागतो : थर पातळ राहिला तर अंडी तळावर आपटून तडकतात, फुगीर झाला तर कडेची अंडी घरंगळून गार पडतात. काही घरांत गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची रीत आहे. ही टोपली मात्र खुराड्यात न ठेवता माजघराच्या कोपऱ्यात ठेवतात, आणि त्यामागे पक्के कारण आहे. रवणीवरची कोंबडी संकट आले तरी अंडी सोडत नाही, त्यामुळे साप, घूस किंवा मांजर यांना तिच्याइतके सोपे भक्ष्य दुसरे नसते.

पुढे खुराड्याचे स्वरूप बदलते ते अंडी उबवणी केंद्रांतून आलेल्या पिलांमुळे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिले पुठ्ठ्याच्या खोक्यात घरी येतात तेव्हा त्यांच्यासोबत आई नसते. आईच्या पंखांखालची ऊब दिव्याने द्यावी लागते आणि तिने उकरून दाखवलेली जमीन अंथरुणाने. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस आणि नंतर दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी, असे उबेचे प्रमाण ठेवतात. तुसाचा दोन इंच थर पसरून पहिले काही दिवस त्यावर कागद घालतात, कारण नवखे पिलू तुसालाच दाणा समजून चोच भरते. परंतु गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिलांचे पाय फाकतात आणि काहींचे ते कायमचे अधू होतात, म्हणून खरबरीत कागद किंवा गोणपाट बरे. ही बारीक गोष्ट आहे खरी, पण पिलू चालणार की नाही हे तिच्यावर ठरते.

मोठ्या कोंबड्यांसाठी वापरतात ती गादी पद्धत. तिच्यात जमिनीवर चार ते सहा इंच तूस अंथरून ते रोजच्या रोज काढून टाकले जात नाही. ते वरचेवर हलवले जाते, वर नवा थर पडत जातो आणि काही महिन्यांत खाली एक जिवंत गादी तयार होते. विष्ठेतील नत्र आणि तुसातील कर्ब यांवर सूक्ष्मजीव काम करू लागतात, थोडी ऊब निर्माण होते आणि दुर्गंधी कमी राहते. १९४० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात केनर्ड आणि चेंबरलिन या संशोधकांना असे आढळले की मुरलेल्या गादीवरील कोंबड्या नव्या अंथरुणावरील कोंबड्यांहून अधिक निरोगी राहतात आणि अपुऱ्या आहारातही तग धरतात. जीवाणू बनवत असलेले ब-१२ हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये वेगळे काढले गेल्यावर या निरीक्षणाचा बराचसा उलगडा झाला. घाण वाटणारी वस्तू योग्य निगेने पोषक ठरते, हे अनेकांना पटायला जड जाते.

निगा मात्र पाण्याची आहे. गादीत ओलावा सुमारे २५ टक्के असावा, असे सांगतात, पण परसातल्या खुराड्यात तो मोजण्याचे साधन म्हणजे मूठ. तुसाची मूठ घट्ट दाबून उघडली की लाडू क्षणभर टिकून फुटला पाहिजे. तो तसाच राहिला तर गादी ओली आहे आणि मुळीच जमला नाही तर धुरळा उडून कोंबड्यांच्या नाकात जाणार. दुसरी परीक्षा नाकाची, आणि ती उभ्याने घेऊन चालत नाही. ओल्या गादीतून सुटणारा अमोनिया हा डोळे-घसा जाळणारा वायू अंथरुणालगत अधिक जाणवतो, म्हणून कोंबडीच्या उंचीइतके खाली बसून श्वास घ्यावा लागतो. तेथे डोळे चुरचुरले तर कोंबडी रात्रभर तेच सोसत असते. ओलाव्यामुळे रक्ती हगवणीचे परजीवीही बळावतात, कारण विष्ठेतून पडलेली त्यांची बीजे दमट उबेत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. तुसात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही आणि हलवले की चटकन सुकते, हा त्याचा मोठा गुण. जेथे भात पिकत नाही तेथे भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा चालतो. कोंडा चालत नाही : तो गोळे धरतो, आंबतो आणि उंदरांना बोलावतो.

येथेच अंथरूण आणि राखण यांची गाठ पडते. सांडलेला दाणा गादीत मुरला की उंदीर आणि घुशी बिळे करतात, उंदरांच्या वासाने धामण किंवा नाग येतो, आणि आलेला साप अंडी किंवा पिलू दिसल्यावर उंदरापाशी थांबत नाही. ओल्या गादीला टेकलेली फळी खालून कुजते आणि कुजलेल्या फळीत कोल्ह्याला पंजा घालायला वेळ लागत नाही. म्हणून ज्या बाईची गादी कोरडी असते तिच्या खुराड्यावरील निम्मे हल्ले टळलेले असतात, असे म्हणायला हरकत नाही.

उरलेल्या हल्ल्यांसाठी शत्रूची वेळ आणि वाट माहीत असावी लागते. मुंगूस दिवसाढवळ्या येते, अंगाने लवचीक असल्याने अरुंद फटीतून शिरते आणि मानेवर दात रोवते. घार आणि शिक्रा यांचा डोळा अंगणातल्या पिलांवर असतो; आकाशातील शत्रूसाठी कोंबडा बारीक, लांबट शीळ घालतो आणि जमिनीवरील शत्रूसाठी कॅकॅ असा कर्कश गलका करतो, हा फरक ध्वनिमुद्रणाने तपासून सिद्ध झाला आहे, परंतु अंगणात वावरणाऱ्या बाईची मान त्या आवाजानुसार वर किंवा कुंपणाकडे आधीपासूनच वळत आली आहे. रानमांजर तिन्हीसांजेला, उदमांजर मध्यरात्री छपराच्या कौलांतून, तर कोल्हा पहाटे खालून उकरून. भटक्या कुत्र्यांना वेळ नसते.

सर्वांत क्लेशकारक असते ती सकाळ, जेव्हा एक कोंबडी नेलेली आणि बाकी साऱ्या मारून टाकलेल्या आढळतात. याला लोक क्रौर्य म्हणतात, ते योग्य नाही. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये अशा वर्तनाचा सविस्तर विचार केला आणि त्याला गरजेपेक्षा अधिक शिकार या अर्थाचे नाव दिले : रानात एक भक्ष्य पकडले की बाकीची पळून जातात, त्यामुळे शिकारी प्राण्याला थांबण्याची पाळी सहसा येतच नाही, खुराड्यात भक्ष्य पळू शकत नाही आणि समोरची फडफड त्याला पुन्हा पुन्हा झडप घालायला लावते. कोंबडी पळू शकत नाही, कारण दार माणसाने लावले आहे. खुराडे कच्चे असेल तर ते नसण्यापेक्षा वाईट, हा यातून निघणारा निष्कर्ष कठोर असला तरी टाळता येत नाही. शिवाय मुंगूस, रानमांजर, कोल्हा, नाग या साऱ्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. विष घालणे आणि फास लावणे हा गुन्हा आहे आणि तो नसता तरीही अयोग्यच ठरले असते, कारण उंदरांवर खरा वचक याच प्राण्यांचा असतो. भांडण दारापाशीच मिटवले पाहिजे.

ते मिटवण्यासाठी बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडी-जाळी पुरत नाही. ती कोंबडीला आत ठेवते. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि लहान साप तिच्या डोळ्यांतून सहज आत येतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे वितळवून जोडलेली ताठ जाळी, महाग पडते, पण निदान खालच्या दोन फुटांना तीच हवी, आणि ती जमिनीपाशी न संपवता बाहेरच्या बाजूस फूटभर आडवी वळवून मातीखाली पुरावी. उकरणारा प्राणी भिंतीलगतच उकरतो आणि जाळी लागली की मागे सरून पुन्हा उकरावे हे त्याला सहसा सुचत नाही. हवेसाठी झरोका वर, छपराखाली असावा, म्हणजे अमोनिया निघून जातो आणि झोताने कोंबड्या गारठत नाहीत. कडी दुहेरी असावी, कारण मांजर आणि कुत्रा नुसता अडकवलेला आकडा उचलतात.

गरीब घरांना पिले वाटण्याच्या योजना अनेक झाल्या, आणि त्यांच्यामागील हेतू चांगला होता. पण पिलासोबत जाळीचा तुकडा आणि तुसाचे पोते दिले नाही तर दिलेले पिलू बाईच्या पदरात न पडता रानमांजराच्या तोंडी पडते. या वाटपात खुराड्याचा खर्च आधी धरायला हवा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक झाला तेव्हा परिसरातील परसांतल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या, आणि बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा, दुसऱ्या शेडवरून आलेली चप्पल, उसने आणलेले तूस हेही खुराड्याचे शत्रू असल्याचे तेव्हापासून सांगितले जाऊ लागले. दाराशी चुन्याची फक्की आणि खुराड्यापुरती वेगळी चप्पल, एवढे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

वय झालेल्या बाईचे डोळे मंदावले तरी मोजणी चुकत नाही, कारण ती बोटांनी होऊ लागते. दांडीवर ओळीने बसलेल्या पाठींवरून हात फिरवला की संख्या कळते, कोणाची छाती सुकली आहे तेही कळते. पावसाळा हा तिच्या दृष्टीने सर्वांत कठीण काळ, म्हणून दिवाळीनंतर भात झोडून गिरणीवर गेला की तूस पोत्यांत भरून माळ्यावर टाकले जाते आणि मृगापूर्वी जुनी गादी पूर्ण काढून, जमीन उन्हात तापवून, भिंतींना चुना देऊन नवी घातली जाते. काढलेली गादी शेणखताहून नत्राने कितीतरी भारी असते. ती तशीच घातली तर मुळे जळतात, म्हणून परसाच्या टोकाला ढीग करून, वर झावळ्या झाकून ती महिना-दीड महिना कुजू देतात आणि मग नारळाच्या आळ्यात, बुंध्यापासून हातभर अंतर राखून, पसरतात.