जमिनीतला वॉल आणि दोन आकडे

आज पिकावर नाही, आकड्यांवर लिहितोय.

अमेरिकेत एक खेळ आहे, जिओकॅशिंग. कुणीतरी रानात एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि बाकीचे जीपीएस घेऊन तो डबा शोधतात. सुरुवात झाली मे २००० मध्ये. तोवर अमेरिकेचं लष्कर जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायचं, त्यामुळं साध्या माणसाचं यंत्र १०० मीटरपर्यंत चुकायचं. ती चूक मे महिन्याच्या सुरुवातीला बंद केली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉन राज्यात रानात एक काळी बादली ठेवली. आत काही वस्तू आणि एक वही. सापडेल त्यानं काही घ्यावं, काही ठेवावं आणि वहीत लिहावं. थोड्याच दिवसांत लोक पोचलेसुद्धा.

रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मलाही वाटलं असतं. पण आपल्या रानात असे डबे कमी आहेत का? पाइपलाइनचे वॉल, टी, जुने जोड, बुजवलेली बोअर. सगळं तीन-चार फूट खाली, आणि नकाशा कुणाच्या तरी डोक्यात. आमची लाइन आबांनी टाकली. कुठं वॉल आहे, कुठं एल्बो आहे, ते त्यांना झोपेत विचारलं तरी सांगायचे. ते गेले आणि दुसऱ्याच हंगामात ऐन गव्हाच्या पाण्याला लाइन फुटली. वॉल सापडेना. जेसीबीनं तीन खड्डे घेतले, तिसऱ्यात लागला. तोवर चार दिवस गेले आणि गहू ओंबीवर होता. त्या गव्हाचा उतारा काय आला ते तुम्हाला सांगायला नको.

तेव्हापासून चर उघडा असतानाच आकडे घेतो. रीत साधी आहे. वॉलच्या बरोबर डोक्यावर मोबाइल धरून दोन-तीन मिनिटं उभं राहायचं. घाई केली तर ठिपका इकडं तिकडं नाचतो. मग आकडा लिहायचा. नकाशातल्या फोटोवर बोट दाबून आकडा घेऊ नका, तो फोटोच कधी कधी काही मीटर सरकलेला असतो. आंब्याखाली, पत्र्याच्या शेडजवळ, उसाच्या फडात आकडा डोलत राहतो. तिथं दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि सरासरी काढा.

आता आकडा वाचायचा कसा. शनिवारवाडा घ्या: १८.५१९५, ७३.८५५३. अक्षांश आधी, रेखांश नंतर. महाराष्ट्रात पहिला आकडा १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८१ च्या आतच यायचा. उलटा टाकला तर शनिवारवाडा नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जातो. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांशानंतर चार आकडे म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे एक मीटरभर. सहावा म्हणजे ११ सेंटिमीटर, तो दाखवायचा आकडा आहे. मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइल चार-पाच मीटर चुकतोच.

आणखी एक घोळ. तीच जागा १८ अंश ३१.१७० मिनिटं अशीही लिहितात, जिओकॅशिंगवाले तर अशीच. तो ३१.१७० सरळ दशांशाच्या पुढं १८.३११७० असा टाकला आणि रेखांशाचंही तसंच केलं, तर माणूस पुण्याच्या नैऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर सह्याद्रीच्या डोंगरात पोचतो. मिनिटांना ६० नं भागायचं, मग अंशात मिळवायचं.

चार-पाच मीटरची चूक राहणार, म्हणून ते खेळवाले आकड्यासोबत एक खूण देतात. ही गोष्ट घेण्यासारखी आहे. माझ्या वहीत आकड्याखाली लिहिलंय: 'लिंबाच्या बुंध्यापासून पूर्वेला ७ पावलं, साडेतीन फूट खोल, वर लाल विटेचा तुकडा.' आकडा लिंबापर्यंत नेतो, पुढचं काम विटेचं. लिंब तोडायचा झाला तर आधी दुसरी खूण लिहायची.

एक मात्र हात जोडून सांगतो, बांधाच्या भांडणात मोबाइल काढू नका. आमच्या शिवारात दोन चुलत भाऊ ठिपका दाखवून एकमेकांच्या अंगावर गेलेले मी पाहिलेत. हिशोब करा: १०० मीटर लांबीच्या बांधावर ५ मीटरची चूक म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आता सरकारी मोजणीला रोव्हर येतो, तोही उपग्रहावरच चालतो. पण त्याला पक्क्या जागी बसवलेल्या स्टेशनवरून दुरुस्ती मिळत राहते, म्हणून तो काही सेंटिमीटरवर येतो. खिशातल्या मोबाइलला ती दुरुस्ती नसते. हद्द ठरवायची तर मोजणी मागवा. तोवर हद्दीच्या दगडाचा आकडा लिहून ठेवलात तर गवतात दगड हुडकायला मदत होईल, तेवढंच त्याचं काम.

आकडे मोबाइलमध्ये ठेवलेत तरी वहीत उतरवा आणि वही घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. आमच्या लाइनीचे पाच वॉल आणि दोन टी वहीत आल्यात. ओढ्यापलीकडची एक टी राहिलीय, वर ऊस उभा आहे. तोड झाली की घेतो.