फीची ओळ आधी वाचा

आम्ही खजरान्यात राहतो. मुलीनं इंदूरलाच भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि ब्रिटनमध्ये पीएचडी करायचं ठरवलं. फीचे आकडे ऐकून हे म्हणाले, "बायपासजवळचा प्लॉट काढू." सासूबाईंनी गणपतीच्या देवळामागच्या भिंतीवर प्रथेप्रमाणे उलटं स्वस्तिक काढून नवस केला. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लॉट राहू द्या. पीएचडी हे काम आहे, त्याचे पैसे मिळायला हवेत."

त्यानंतर तिच्याबरोबर मीही बरंच शिकले. तुम्हा मुलांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

तिथे दोन वाटा आहेत. पहिली, प्राध्यापकाकडे मंजूर प्रकल्प असतो आणि नोकरीसारखी जाहिरात निघते. 'फाइंड ए पीएचडी' आणि 'जॉब्स डॉट एसी डॉट यूके' या साइटवर अशा जाहिराती सापडतात. 'सेल्फ-फंडेड' लिहिलं असेल तर खर्च आपला, हे समजावं. दुसरी वाट, विषय आपला. आधी मार्गदर्शक शोधायचा, मग गेट्स केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची फेलिक्स अशा शिष्यवृत्तीसाठी स्पर्धा करायची. चेव्हनिंगचं नाव सगळे घेतात, पण ती एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे.

खरी मेख फीच्या ओळीत असते. तिथल्या विद्यार्थ्यांची 'होम' फी कमी, आपली 'इंटरनॅशनल' फी कितीतरी जास्त. 'यूकेआरआय' या सरकारी संस्थेचा निधी 2021 पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला झाला, पण साधारण 30 टक्के जागांपर्यंतच. शिवाय हा निधी होम फीपुरताच असतो. वरचा फरक काही विद्यापीठं माफ करतात, काही करत नाहीत.

मुलीला पहिली जागा मिळाली तेव्हा घरात पेढे आले. तिनं मात्र त्याच रात्री विभागाला ईमेल केला, "फीतला फरक कोण भरणार?" उत्तर आलं, "विद्यार्थ्यानं." प्लॉटचा विषय पुन्हा निघाला. तिनं दोन दिवस विचार केला आणि जागा नाकारली. त्या दोन रात्री मला झोप नव्हती.

तेव्हा मला आपल्या शेजारच्या महूत जन्मलेले बाबासाहेब आठवले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबियाला गेले, 1916 मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचं कर्ज घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा गेले. डीएससी मिळाली 1923 मध्ये. म्हणून पैसे किती यासोबत किती वर्षं, हेही विचारा. साडेतीन वर्षांचा निधी आणि चार वर्षांचा प्रबंध असेल, तर शेवटचे सहा महिने कसे काढणार?

व्हिसाचा आणि तिथल्या आरोग्य अधिभाराचा खर्चही बहुधा आपल्यालाच करावा लागतो. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या बऱ्याच जागांचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच बंद होतात, तेव्हा दिवाळीपर्यंत संशोधनाचा आराखडा आणि शिफारसपत्रं तयार हवीत.

मुलगी सध्या इथेच शिकवते आहे. यंदा तिनं पाच अर्ज केलेत, पाचही ठिकाणी आधी फीचं लेखी विचारून.